यमुताईंची दुपार

"हा कार्यक्रम खरंच लागत होता, याला पुरावा काय?" संशोधन समितीतल्या एका सदस्यांनी विचारलं, तेव्हा मेघा रामटेकेला आधी वाटलं की ते गंमत करताहेत. तिच्या पीएचडीचं ते तिसरं वर्ष होतं. नागपूरच्या रेडिओवर १९८१ ते १९९६ अशी पंधरा वर्षं लागणारा बायकांचा एक दुपारचा कार्यक्रम, 'यमुताईंची दुपार', हा तिचा विषय. सोमवार ते शनिवार, एक वाजून दहा मिनिटांनी, वीस मिनिटं. यमुना देवपुजारी नावाच्या निवेदिका बायकांची आलेली पत्रं वाचायच्या, त्यांना उत्तरं द्यायच्या, मध्येच एखादं गाणं लागायचं. मेघाची आई लग्नाआधी तो रोज ऐकायची. पण आईनं ऐकला हा पुरावा होत नव्हता.

रेडिओ केंद्रात मेघा दीड वर्ष खेटे घालत होती. त्या काळी टेप दुर्मिळ, त्यामुळे एकाच टेपवर पुसून पुसून नवं रेकॉर्ड करत. ते तिला कळत होतं. पण नोंदवह्याही नव्हत्या. कुठल्याशा स्थलांतरात त्या गेल्या होत्या. शेवटी केंद्राकडून एक ओळ आली, 'सदर नावाचा कार्यक्रम उपलब्ध अभिलेखात आढळून येत नाही.' ती ओळ तिनं प्रामाणिकपणे समितीपुढे ठेवली, आणि तिथेच चुकलं.

दुसऱ्या सदस्यांना वेगळीच चिंता होती. रेडिओ आता कोण ऐकतं, विषयात पॉडकास्ट आणा, म्हणजे काळाला धरून होईल. मेघाचे गाइड डॉ. अनंत पांढरीपांडे यांनी मान हलवली. ते कोणत्याही सूचनेला मान हलवत, मग ती सूचना आधीच्या सूचनेच्या उलट असली तरी. अशा रीतीनं प्रबंधाचं नाव झालं 'श्राव्य माध्यमांतील स्त्री-निवेदन : रेडिओ ते पॉडकास्ट', आणि पुढचे दोन महिने मेघा कानात यंत्र घालून, सकाळी उठल्यावर आपण काय काय करतो हे पाऊण-पाऊण तास सांगणाऱ्या लोकांना ऐकत बसली.

कवडूजी सापडले ते आईमुळे. आईला आठवलं, सक्करदऱ्याला तलावाजवळ रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान होतं, तिथे दुपारी नेहमी हाच कार्यक्रम लागलेला असायचा. दुकान बंद होऊन वीस वर्षं झाली होती, पण मालक कवडूजी त्याच्याच मागच्या खोलीत राहत होते. पंचाहत्तरीचा, बारीक अंगाचा माणूस. मेघानं कार्यक्रमाचं नाव घेतल्याबरोबर त्यांनी पलंगाखालून एक पत्र्याची पेटी ओढली. तिच्यात एकसष्ट कॅसेटी होत्या.

ते काही रेडिओचे वेडे नव्हते. टू-इन-वन दुरुस्त झाला की त्याचं रेकॉर्डिंग नीट होतं का हे बघावं लागे. त्यासाठी ते रेडिओवर जे चालू असेल ते टेप करत. दुरुस्तीचं काम दुपारी व्हायचं आणि दुपारी हाच कार्यक्रम असायचा. प्रत्येक कॅसेटवर त्यांनी तारीख आणि सेटच्या मालकाचं नाव लिहून ठेवलं होतं. सेट परत गेला, कॅसेट राहिली.

मेघाला त्या दिवशी एवढा आनंद झाला की तिनं चाळीस प्रश्नांची प्रश्नावली काढून कवडूजींकडून तिथल्या तिथे भरून घेतली. श्रोत्याचं वय, शिक्षण, दररोज किती मिनिटं ऐकत, समाधान एक ते पाच या प्रमाणात. कवडूजींनी सगळ्याला चार सांगितलं.

पुढचे आठ महिने तिनं त्या कॅसेटी संगणकावर उतरवल्या आणि शब्द न् शब्द लिहून काढला. त्यातून तिला एक गोष्ट दिसली. १९८८ पर्यंत यमुताई पुस्तकी, नेटकं मराठी बोलत. 'श्रोत्या भगिनींनो, सस्नेह नमस्कार.' पण ८८ च्या ऑगस्टपासून त्या एकदम नागपुरी बोलायला लागतात, जशी मेघाची आई घरात बोलते तशी. निवेदिका आपल्या श्रोत्यांच्या जवळ येत जाते, त्यांची भाषा उचलते, अधिकार सोडून जिव्हाळा धरते, असा मुद्दा मेघानं मांडला. ९२ नंतर भाषा पुन्हा पुस्तकी होते, ते तिनं वरून आलेल्या एखाद्या आदेशाच्या माथी मारलं. तिच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण, चाळीस पानं, त्या मुद्द्यावर उभं होतं. सरांना तो इतका आवडला की त्याचा एक लेख झाला, नियतकालिकात छापूनही आला. लेखकांत पहिलं नाव सरांचं होतं, दुसरं मेघाचं.

राहिला होता पुरावा. कॅसेटी घरगुती, केंद्र कानावर हात ठेवणार. शेवटी समितीनं तोड काढली : निवेदिका हयात आहेत ना, मग त्यांच्याकडून प्रतिज्ञापत्र आणा की हा आवाज माझाच. मेघाला हायसं वाटलं. एका सहीचं तर काम होतं.

यमुताई बेसा भागात मुलाकडे राहत होत्या, चौथ्या मजल्यावर. वय चौऱ्याऐंशी. सून मुग्धा हिनं दार उघडलं, पाणी दिलं आणि आवाज नीट ऐकू यावा म्हणून कूलर बंद केला. एप्रिल अर्धा सरला होता. पाच मिनिटांत तिघीही घामाघूम झाल्या. यमुताई मात्र ताठ बसल्या होत्या, इस्त्रीच्या साडीत. डाव्या कानानं कमी ऐकू येत असे, म्हणून मेघानं त्यांना हेडफोन लावून दिला.

पहिला तुकडा १९८४ चा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला आणि 'श' आणि 'ष' वेगळे आले आहेत एवढंच म्हणाल्या.

दुसरा १९८९ चा होता, मेघाचा सगळ्यात लाडका. चौथ्या प्रकरणाची सुरुवातच त्यानं होती. 'बायांनो, जेवल्या का? नसन जेवल्या तं आधी जेवून घ्या. पत्र कुठं पळून नाही जात.'

यमुताईंनी मध्येच हेडफोन काढला आणि मांडीवर ठेवला.

"ही मी नाही," त्या म्हणाल्या.

मुग्धा मेघाकडे बघून हळूच म्हणाली की अलीकडे आईंचं होतं असं, विसरतात. यमुताईंना उजव्या कानानं ते नीट ऐकू आलं.

"मुग्धा, मी सकाळी काय खाल्लं ते विसरते. मी कोण ते विसरत नाही," त्या म्हणाल्या. मग मेघाकडे वळून त्यांनी विचारलं, "तुला कळलं नाही, बाळ? तू तर यावर पीएचडी करतेस."

मग त्यांनी सांगितलं. ८८ च्या जुलैत त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांत येईल. कार्यक्रमाला तर त्यांचंच नाव होतं आणि रोज पोतंभर पत्रं त्या नावानं येत होती. कार्यक्रम बंद करता येईना आणि नावही बदलता येईना. तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी एक मुलगी बसवली, युवकांच्या कार्यक्रमात अधूनमधून यायची ती, शामला खोब्रागडे. तिनं 'मी यमुताई' म्हणायचं. थोड्या दिवसांचाच प्रश्न होता. आवाज यायला पावणेचार वर्षं लागली. तेवढा काळ करारावर यमुताई सही करत राहिल्या.

"सही माझी, आवाज तिचा. एक वाजला की मी घरातला रेडिओ बंद करायची," त्या म्हणाल्या. "मी परत गेले तेव्हा ती नव्हती. कुठे गेली, मी विचारलं नाही. नंतर पत्रं यायची, यमुताई, तुम्ही आताशा परक्यासारख्या बोलता. ती मी वाचली नाहीत. म्हणजे वाचली, पण कार्यक्रमात वाचली नाहीत."

त्यांनी ८८ पर्यंतच्या आणि ९२ नंतरच्या कॅसेटींवर सही द्यायची तयारी दाखवली. मधल्या तेवीस कॅसेटींवर नाही.

खाली पार्किंगमध्ये गाडीवर बसून मेघानं दोन्ही तुकडे पुन्हा लावले. एक मिनिटही लागलं नाही. पहिल्या बाईचं वाक्य संपताना खाली उतरत होतं, दुसरीचं वर जाऊन थांबत होतं, जणू समोरून उत्तर येणार आहे. आवाजाची जातही वेगळी होती. दोन बायका होत्या, सरळ सरळ दोन बायका. तिनं या कॅसेटी आठ महिने ऐकल्या होत्या, आवाजावर चाळीस पानं लिहिली होती, आणि आवाज तेवढा ऐकला नव्हता. आपल्याला हवा तो मुद्दा सापडला आणि कान तिथेच मिटले. तिला इतका राग आला की कुणावर काढावा कळेना. शेवटी हेल्मेट डिकीतून ओढताना बोट चेमटलं, तेव्हा तिनं हेल्मेटला एक शिवी दिली.

दुसऱ्या दिवशी ती सरांना भेटली. लेख चुकला आहे, नियतकालिकाला कळवायला हवं, असं तिनं सांगितलं. सरांनी दार लावून घेतलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईच्या आठवणीवर छापलेला लेख मागे घ्यायचा का, असं त्यांनी विचारलं. आठवण हे विश्वासार्ह साधन नसतं, हे तूच तिसऱ्या प्रकरणात लिहिलं आहेस, याचीही आठवण दिली. मेघा म्हणाली की आठवणीचा प्रश्नच नाही, सरांनी फक्त दोन तुकडे ऐकावेत, तिच्या फोनमध्ये आहेत. सर म्हणाले, आता बैठक आहे. तेव्हा मेघाच्या लक्षात आलं की पहिलं नाव छापलेल्या या माणसानं एकसष्टपैकी एकही कॅसेट कधी ऐकलेली नाही.

"एकतर सगळ्यांवर सही घे, नाहीतर मधल्या तेवीस वगळ," सर उठता उठता म्हणाले. "प्रबंध संपव, मेघा. खरंखोटं नंतर पुस्तकात लिही."

तिथून ती सरळ सक्करदऱ्याला गेली. शामला खोब्रागडे हे नाव कुणाला माहीत असेल तर कवडूजींना, असा तिचा अंदाज होता. कवडूजी खोलीबाहेर खुर्ची टाकून बसले होते. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मले माहीत होतं ना," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"का ते शामला होय म्हणून. तलावापलीकडच्या मोहल्ल्यात राहे. तिच्या बापाचा सेट माह्याच इथं येत होता."

मेघा पायरीवर बसली. तिनं विचारलं, "मंग मले सांगतलं काहून नाही?"

"तुनं विचारलं कुठं? तुनं विचारलं, समाधान किती. म्या म्हटलं, चार."

चाळीस प्रश्नांत 'बोलणारी कोण होती' हा प्रश्न नव्हता, कारण त्याचं उत्तर तिला आधीच माहीत होतं. कवडूजींनी आत जाऊन एक जुनी डायरी आणली. त्यांच्या माहितीप्रमाणे शामलानं पुढे हिंगण्याच्या एका कंपनीत पॅकिंगला काम धरलं, पंचवीस वर्षं कंपनीच्या बसनं येजा केली, आता तिकडेच मुलीजवळ राहते.

शामलाबाईंचं घर एमआयडीसीच्या पुढे, एका नव्या वस्तीत होतं. शिफ्ट सुटायची वेळ होती आणि रस्ता मोटरसायकलींनी भरून वाहत होता. मेघा पोचली तेव्हा त्या दारातल्या वट्यावर बसून गहू निवडत होत्या. साठी ओलांडलेली, जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई. 'कोण पाहिजे वं?' असं त्यांनी विचारलं आणि मेघा होती तिथेच थांबली. आवाज अजून तोच होता. वाक्य वर जाऊन थांबलं.

मेघानं नाव सांगितलं, कुठली, कुणाची, ते सांगितलं. मग विषय सांगितला. शामलाबाईंनी गव्हाचं ताट बाजूला सारलं नाही.

"पस्तीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "आता काहून उकरून राहिली?"

मेघानं विद्यापीठात पाठ केलेली सगळी उत्तरं मनात चाळली, ज्ञानात भर वगैरे, आणि त्यातलं एकही दिलं नाही. तिनं सांगितलं की आपण चूक छापली आहे. तुमचं बोलणं दुसऱ्या बाईच्या नावावर एकदा रेडिओनं घातलं आणि दुसऱ्यांदा मी. मला ते दुरुस्त करायचं आहे.

शामलाबाई गहू निवडता निवडता बोलल्या. आवाजाची परीक्षा त्या रीतसर पास झाल्या होत्या. थोडे दिवस यमुताई म्हणून बोल, मग तुझ्या नावाचा कार्यक्रम देऊ, असं अधिकारी म्हणाले. पहिल्या दिवशी 'मी यमुताई' म्हणताना जीभ वळली नाही, तीनदा चुकलं. पुढे इतकी सवय झाली की घरी कोणी शामला म्हणून हाक मारली की एक क्षण लागायचा. कुणालाही सांगायचं नाही, ही अट होती. ९२ च्या एका सकाळी त्या गेल्या तर ड्यूटीच्या फळ्यावर त्यांचं नावच नव्हतं. म्हणजे तसं ते आधीही नव्हतंच, पण त्या दिवशी आतही जाऊ दिलं नाही.

मेघाला जे विचारायचं होतं ते तिनं दोनदा गिळलं आणि तिसऱ्यांदा विचारलं. आडनाव खोब्रागडे नसतं, तर रेडिओनं तुमचं नाव सांगितलं असतं का?

"मले तसं कोणी म्हटलं नाही," शामलाबाई म्हणाल्या. "तसं कोणी म्हणत नसते."

नंतर चहा झाला आणि मग त्यांनी मेघाला जे सांगितलं, ते तिच्या कोणत्याही प्रश्नावलीत बसणारं नव्हतं. अट कधी पाळलीच गेली नव्हती. म्हणजे शामलानं पाळली, पण पहिल्याच दिवशी मोहल्ल्यानं आवाज ओळखला. तलावापलीकडच्या त्या वस्तीत एक वाजला की घराघरात रेडिओ मोठ्यानं लागायचे. आपली शामी बोलून राहिली, असं बाया एकमेकींना सांगत, आणि वस्तीबाहेर कुणाला सांगत नसत. सांगितलं असतं तर शामीचं काम गेलं असतं. यमुताईंच्या नावानं मुद्दाम पत्रं लिहीत, आणि आपलं नाव रेडिओवर शामीच्या तोंडून ऐकून हसत. चाळीसेक घरांनी हे पावणेचार वर्षं पोटात ठेवलं. शामला घरी आली की त्याच बाया तिला सांगत, आज दुसरं पत्र घाईत वाचलं तू.

"त्यातल्या आता किती जणी आहेत?" मेघानं विचारलं.

शामलाबाईंनी बोटं मोजली. मग ताट खाली ठेवलं. "लिही," त्या म्हणाल्या. "बायजाबाई. तिच्यापासून सुरू कर, तिले सगळं याद आहे."

अकरा नावं झाली. पुढच्या तीन महिन्यांत मेघा त्या अकरा जणींना भेटली आणि जुनं चौथं प्रकरण फेकून तिनं नवं लिहिलं. या वेळी तिनं प्रश्नावली नेली नाही. बायजाबाईंच्या घरी ती तीन दिवस गेली आणि त्यातले दोन दिवस त्यांनी फक्त आपल्या सुनेबद्दल सांगितलं. मेघानं तेही रेकॉर्ड केलं.

पण कागदाचं दुखणं तसंच होतं. यमुताईंनी मधल्या काळातला आवाज आपला नाही असं प्रतिज्ञापत्र द्यायचं कबूल केलं. त्यांच्या मुलाला ते नको होतं. इतक्या वर्षांनी आईचं नाव खराब कशाला, असं त्याचं म्हणणं. यमुताईंनी मुलाशी वाद घातला नाही. तो ऑफिसला गेल्यावर त्या मुग्धाला घेऊन रिक्षानं नोटरीकडे गेल्या आणि सही करून आल्या.

शामलाबाईंनी मात्र साफ नकार दिला.

"मी स्टॅम्पवर काहून लिहून देऊ?" त्या म्हणाल्या. "लिहून तिनं द्यावं जिनं दुसऱ्याचं घेतलं. मी का चोरी केली?"

मेघानं चार वेळा समजावलं. पाचव्या वेळी ती चिडली. हा विद्यापीठाचा नियम आहे, मी नाही केला, माझी मुदत संपतेय, असं ती चढ्या आवाजात म्हणाली. शामलाबाईंनी ऐकून घेतलं आणि जेवून जा म्हणाल्या. स्टॅम्प पेपर कोराच राहिला.

आता समितीपुढे असा प्रकार होता : आवाज यमुताईंचा नाही याला कागद आहे, शामलाबाईंचा आहे याला नाही. समितीनं सुचवलं, 'अज्ञात निवेदिका' असं लिहा. मेघानं नाही म्हटलं. मग सुचवलं, नावापुढे कंसात 'दावा' असं लिहा. मेघानं तेही नाही म्हटलं. याच सुमाराला तिनं नियतकालिकाला दुसरी लेखिका म्हणून चुकीची दुरुस्ती पाठवली. सरांना त्याची प्रतही पाठवली. सरांनी फोन उचलणं बंद केलं आणि आठवड्यानं विभागाला कळवलं की कामाच्या ताणामुळे आपण या विद्यार्थिनीचं मार्गदर्शन करू शकत नाही. दोन महिने मेघा गाइडशिवाय होती. शेवटी विभागातल्याच डॉ. नंदिनी घाटे यांनी तिला घेतलं. त्यांची एकच अट होती, आधी कॅसेटी ऐकवा. त्यांनी सहा ऐकल्या.

प्रबंध देण्याआधीचं सादरीकरण सगळ्यांसाठी खुलं असतं. एरवी तिथे कुणी येत नाही. त्या दिवशी मेघा बोलायला उभी राहिली तेव्हा मागच्या रांगेत शामलाबाई बसल्या होत्या, बाजूला बायजाबाई आणि आणखी दोघी. मेघानं तारीख फक्त सांगितली होती, बोलावलं नव्हतं.

सादरीकरण झाल्यावर पुराव्याचा प्रश्न पुन्हा निघालाच. पहिल्यापासून पुरावा मागणारे ते सदस्य सभ्य होते. त्यांनी मागे बघून विचारलं की आपल्याकडे त्या काळचं एखादं पत्र, एखादी पावती, काही कागद आहे का?

शामलाबाई उठून उभ्या राहिल्या.

"कागद असता तं ही पोरगी चार वर्षं काहून फिरली असती, साहेब?" त्या म्हणाल्या. "तुमच्याजवळ तिनं माह्या आवाज ठेवला आहे. मी इथं उभी आहे. दोन्ही ऐका, अन् तुम्हीच सांगा."

त्या ऐटीत बोलल्या नव्हत्या, भाजीवाल्याशी बोलावं तितक्या साधेपणानं बोलल्या होत्या. डॉ. नंदिनींनी संगणकावरचा ८९ चा तुकडा लावला. तो संपला. सदस्यांनी चष्मा काढून पुसला आणि ते म्हणाले की ऐकायला तर तोच वाटतो, पण आमची अडचण समजून घ्या. मग आणखी पाऊण तास चर्चा झाली. 'दावा' नावापुढे न येता तळटीपेत गेला. तळटीपेत यमुताईंचं प्रतिज्ञापत्र आणि अकरा बायकांच्या मुलाखतींचा संदर्भ आला. प्रकरण मंजूर झालं. पॉडकास्टचं प्रकरण अजून वाढवा, अशी सूचनाही झाली.

मेघा बाहेर आली तेव्हा तिला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. भूक लागल्यासारखं मात्र खूप वाटत होतं. बायजाबाईंनी पिशवीतून डबा काढला. चौघी बायका आणि मेघा विभागाच्या पायऱ्यांवर बसून जेवल्या. पाच वाजेपर्यंत कुणी त्यांना उठवलं नाही.

डिसेंबरात प्रबंध गेला. जानेवारीत नियतकालिकाचा अंक आला, आणि शेवटच्या पानावर चार ओळींची दुरुस्ती होती. मेघा ती दाखवायला हिंगण्याला गेली. शामलाबाईंनी चष्मा लावला, पान उजेडात धरलं, आणि बोट एका जागी ठेवून थांबल्या.

"हे कोण होय? श्यामला?"

मेघानं वाकून पाहिलं. तिनं पाठवताना 'शामला' लिहिलं होतं, शंभर टक्के. संपादनात कुणीतरी शुद्ध केलं होतं. तिच्या डोळ्यांसमोर पुन्हा ईमेल, पुन्हा वाट, पुन्हा स्मरणपत्र असं सगळं उभं राहिलं. ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली की जाऊ द्या ना मावशी, लोकांना कळतं.

"कळत असतं तं तुले काहून नाही कळलं आठ महिने?" शामलाबाई म्हणाल्या. त्यांचा सूर चिडका नव्हता. "मी पावणेचार वर्षं दुसरीच्या नावानं बोलली. आता छापूनच राहिले, तं माह्यं नाव छापा म्हणावं. माह्या बापानं शामला ठेवलं होतं. लाव तुह्या कॉम्प्युटर."

मेघानं लॅपटॉप उघडला. 'महोदय, आपल्या जानेवारी अंकातील दुरुस्तीत...' असं तिनं सुरू केलं. शामलाबाईंनी मोठ्यानं वाचून दाखव म्हटलं, आणि वाचताच सांगितलं की वाक्य फार लांब आहे, ऐकणाऱ्याला पहिला अर्धा भाग आठवणार नाही. मेघानं ते तोडलं. त्यांनी आणखी एकदा तोडायला लावलं. शेवटी चार छोटी वाक्यं उरली. पत्र गेलं आणि लगेच आपोआप येणारं उत्तर आलं : आपला संदेश मिळाला, पंचेचाळीस कार्यदिवसांत कळवू.

"रविवार धरून का सोडून?" शामलाबाईंनी विचारलं.

"सोडून," मेघा म्हणाली.

शामलाबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेतलं आणि पेन्सिल शोधायला आत गेल्या.